वेळ मिळत नाही, काढावा लागतो

‘तुला गोष्टी लिहायला वेळ कसा मिळतो गं?’ मैत्रिणी विचारतात. नोकरी, घर, सासूबाईंचं आजारपण, शनिवारी सल्ला केंद्र. वेळ मिळत नाहीच. रात्री ओटा आवरला की तिथंच वही उघडते. कधी अर्धा तास, कधी चारच ओळी. पुरुषाच्या छंदाचा हिशेब कुणी मागत नाही. आपल्या अर्ध्या तासाला मात्र कारण द्यावं लागतं.

केंद्रात अर्ज लिहिताना तारखा, मारहाण, मागणी एवढंच कागदावर येतं. घर सोडताना बाई तुळशीला पाणी घालून निघाली, हे अर्जात बसत नाही. गोष्टीत बसतं. कुणाची हकिगत मी उचलत नाही; माझी बाई मीच घडवते. त्यात विलक्षण आनंद आहे.

1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, तेव्हा बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, ‘विभावरी शिरूरकर’ या नावाआड होत्या. आपण आपल्या नावानं लिहू या. सगळं लिहिणं चळवळीच्या कामी यावं असंही नाही. स्वतःच्या आनंदासाठी लिहिणं हाही आपला हक्कच ना? मग तुमची वही कुठे आहे?