रक्तातील साखर उतरते तेव्हा

मधुमेह म्हणजे रक्तातील साखरेचे आधिक्य, हे आता बहुतेकांस ठाऊक झाले आहे. परंतु त्याच रोगावर उपचार चालू असता ही साखर एकाएकी फार खाली उतरू शकते आणि तो प्रसंग अधिक तातडीचा असतो, हे थोड्यांनाच माहीत असते. हे ज्ञान डॉक्टर व रोगी यांच्यापुरते न राहता प्रत्येक शाळेत पोहोचले पाहिजे, असे आमचे मत आहे.

याचे कारण मेंदूच्या गरजेत आहे. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के. परंतु शरीराला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे २० टक्के भाग तो एकटाच खर्च करतो. त्याचे मुख्य इंधन ग्लुकोज होय, आणि तिचा पुरेसा साठा त्याच्याजवळ नसतो. निरोगी मनुष्याच्या १०० मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी सुमारे ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. मधुमेही व्यक्तीत हे प्रमाण ७० च्या खाली गेले की सावध व्हावे. ५४ च्या खाली ते गंभीर समजावे. प्रथम घाम सुटतो, हात कापतात, छाती धडधडते, भूक लागते. पुढे बोलणे अडखळते, वागणे चमत्कारिक होते आणि अखेर झटके येऊन शुद्ध हरपते. ज्या मेंदूने संकट ओळखावयाचे, तोच दुबळा होतो. म्हणूनच शेजारच्याने ते ओळखणे अगत्याचे ठरते.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलास इन्शुलिन टोचण्यात आले. तत्पूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. आज ती वर्गात बसतात, मैदानावर धावतात. परंतु डबा खाण्याचा राहिला वा खेळ अधिक झाला, तरी टोचलेले इन्शुलिन आपले काम थांबवीत नाही.

उपाय सोपा आहे. मूल शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर वर आली नसेल तर तेवढीच पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर काही खाऊ घालावे. पेढा किंवा चॉकलेट यांवर विसंबू नये. त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश मिसळते. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. कुशीवर वळवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

एका मुलास तासात खाऊ दिले तर शिस्त बिघडेल, असा आक्षेप काही शिक्षक घेतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली अशा विद्यार्थ्यांस परीक्षागृहातही खाद्यपदार्थ नेण्याची मुभा दिली. परीक्षेची शिस्त ज्याने ढळत नाही, त्याने रोजच्या तासाची कशी ढळावी? घाम फुटलेल्या मुलास एकट्याने कार्यालयात वा घरी पाठविणे, हीच खरी बेशिस्त होय. खडूंच्या पेटीशेजारी साखरेची एक डबी ठेवावी, आणि ती केव्हा उघडावयाची हे वर्गातील प्रत्येकास शिकवावे. एवढी सिद्धता कोणत्याही शाळेस अशक्य नाही.