दंड घातलेलें लुगडें

फाल्गुनांत आमच्या घरीं एका लुगड्यावरून दोन दिवस अबोला होता. लुगडें माझ्या दिवंगत पत्नीचें. रेशमी इरकली, नऊवारी, घडीवर विरलेलें. धाकट्या सूनबाईनें त्याचें जाकीट शिवावयाचें ठरविलें. “मामंजी, हातमागाच्या जुन्या वस्त्रांचीं जाकिटें यंदा फार चालतात,” असें ती म्हणाली. कापण्याला माझी हरकत नव्हती; जुन्या लुगड्यांच्या गोधड्यांखालींच आम्ही भावंडें लहानाचीं मोठीं झालों. मला बोचला तो ‘यंदा’ हा शब्द.

इरकली विणणें हें घाईचें काम नव्हे. बागलकोट जिल्ह्यांतील इलकल हें त्याचें मूळ गांव. तेथें अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा. दोहोंचे धागे एकेक करून फासांनीं अडकवितात. हा सांधा प्रत्येक लुगड्याला नव्यानें घालावा लागतो, म्हणून ताणाही एकेका लुगड्यापुरताच लावतात. असें वस्त्र एका ऋतूच्या हौसेसाठीं कोणी विणीत नाहीं. उलट घाईचा धंदा कसा असतो तें 24 एप्रिल 2013 रोजीं ढाक्याजवळ सावर येथें दिसलें. राणा प्लाझा या आठ मजली इमारतींत परदेशी दुकानांसाठीं कपडे शिवले जात. आदल्या दिवशीं इमारतीला तडे गेलेले दिसले होते, तरी कामगारांना आंत बोलाविलें. इमारत कोसळून 1100 हून अधिक जीव गेले.

हें सारें मीं सूनबाईला ऐकविलें, आणि वर, हातमागाचा एवढा अभिमान असेल तर कपाटांत घडी न मोडलेल्या साड्या किती आहेत त्या मोज, असेंही बोललों. जुन्या मास्तराची जीभ! ती उठून आंत गेली.

माझी थोरली बहीण जवळच मटार सोलीत बसली होती. “आणि तुझे झब्बे कोण मोजणार?” ती म्हणाली.

मोजले. खादीचे चौदा निघाले. गांधीजयंतीच्या सुमारास सूट मिळते म्हणून दरवर्षीं घेतलेले. पांचांच्या घड्या तशाच. स्वदेशीवर मीं वर्गांत तीस वर्षें निबंध लिहवून घेतले आहेत, पण चौथा झब्बा कशासाठीं घेतला याचें उत्तर मजपाशीं नव्हतें.

मग ताईनेंच मार्ग काढला. मधला विरलेला भाग कापून तिनें लुगड्याला दंड घातला. जीर्ण भाग काढून राहिलेले दोन तुकडे जोडावयाचे, याला दंड घालणें म्हणतात. तरुण वाचकभगिनींना हा शब्द कदाचित् नवा असेल, पूर्वीं तो घरोघर होता. नऊ वारांचे सहा राहिले. सूनबाई शेजारीं बसून शिकली. पहिले टांके दोनदां उसवावे लागले.

चैत्रांतल्या हळदीकुंकवाला ती तेंच नेसली. शिवण निऱ्यांत गेली. शेजारच्या एका बाईंनीं दुकानाचें नांव विचारलें, तेव्हां ती म्हणाली, “सासूबाईंचें आहे.”

माझे झब्बे अजून चौदाच आहेत. ऑक्टोबर यावयाचा आहे.