कावीळ उतरवण्याआधी खडा पाहा

आपल्या सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांत डोळे पिवळे झाले, की अनेक घरांत आधी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता शोधला जातो. विषाणूमुळे झालेली कावीळ बहुतेक वेळा आपोआप बरी होते आणि श्रेय त्या औषधाला मिळते. पण प्रत्येक कावीळ अशी नसते.

यकृतात तयार होणारे पित्त नळ्यांतून आतड्यात येते. वाटेत खडा अडकला की पित्त तुंबते आणि रक्तात मिसळते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाला पांढरट होते, अंगाला खाज सुटते. त्यातच उजव्या बरगडीखाली कळ येऊन थंडी वाजून ताप आला, तर तुंबलेल्या पित्तात जंतू वाढल्याची ती खूण असू शकते. हे विष रक्तात पसरले तर जीव जाऊ शकतो. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.

ऑपरेशनच्या भीतीने घरी बसू नका. १९७४ साली जपान आणि जर्मनीतील डॉक्टरांनी पोट न फाडता दुर्बिणीतून पित्तनळीचे तोंड कापून खडे काढण्याची पद्धत सुरू केली. तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेतात आणि फुग्याने किंवा जाळीने खडा ओढून काढतात. यालाच 'ईआरसीपी' म्हणतात. खडा यकृताच्या आतल्या नळ्यांत असेल, तर कधी बरगडीजवळून सुईने वाट करून तो लेसरने फोडतात. असे खडे पुन्हा होऊ शकतात, म्हणून तपासण्या चुकवू नका.

धोका अगदीच नाही असे नाही. ईआरसीपीनंतर काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते, क्वचित रक्तस्राव होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. नळीत प्लास्टिकचा स्टेंट बसवला असेल, तर तो काढण्याची तारीख लिहून घ्या. साधारण तीन महिन्यांत तो काढावा किंवा बदलावा लागतो. विसरला तर तोच तुंबतो.

मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले, तेव्हापासून दूरदूरचे रुग्ण तिथे येतात. कराडलाही मोठे रुग्णालय आहे. ही सोय आपल्याकडे आहे का, हे आधी फोन करून विचारा. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.

घरात दुआ चालू राहू द्या. पण रुग्णाला आधी गाडीत बसवा.