न विचारलेला प्रश्न

मंडळी, विषय नाजूक आहे. काका-मावशीही इथे वाचतात, तरी लिहितोच. डायबेटिस झाला की डोळे, किडनी, तळपाय सगळं तपासतात. मग शरीरसंबंधांबद्दल कुणीच का विचारत नाही? वाढलेली साखर मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या खराब करते. त्या काय फक्त पायातच असतात? पुरुषाला ताठरता न येणं ही कधीकधी हृदयविकाराची आगाऊ सूचना असते. तो मात्र गुपचूप जाहिरातीतल्या 'गुप्तरोगतज्ज्ञा'कडे जातो. त्याच्यासाठी १९९८ साली निदान व्हायग्रा तरी आली. (हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर ती जिवावर बेतू शकते!) बाईचं काय? कोरडेपणा, वेदना, पुन्हापुन्हा होणारं बुरशीचं इन्फेक्शन, आणि वर 'आता या वयात कशाला?' हा टोमणा. डॉक्टर विचारत नसतील तर आपणच विचारायचं. लाजून साखर उतरत नाही!