आबांना लोळू द्या की!

डिसेंबर उजाडला की आपल्या होस्टेलवर दोन जमाती तयार होतात. एक, पहिल्या प्रॅक्टिकलला अंघोळ करून जाणारी. आणि दुसरी, बहुसंख्य! पण मित्रांनो, या दुसऱ्या जमातीची वकिली करायला मी बसलेलो नाही. आपण पोरं लोळतो त्याला रेक्टर सरांनी आळस म्हणावं, आणखी काही म्हणावं, आपली तक्रार नाही. माझे आबा लोळतात त्याला कुणी आळस म्हटलं की मात्र आपलं डोकं फिरतं.

आमचं गाव निफाड तालुक्यात. पेपरात थंडीची बातमी आली की पहिलं नाव बहुतेक वेळा आमचंच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर तापमानाची नोंद होते. २०१८ च्या डिसेंबरअखेर तिथला पारा २ अंशांच्याही खाली उतरला होता. अशा थंडीत द्राक्षाचे मणी तडकतात. म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबकने पाणी सोडायचं, घड जपायचे. द्राक्षाची एवढी काळजी! आणि पंच्याहत्तरीच्या माणसाला मात्र घरचे, शेजारचे, लग्नाला आलेले पाहुणे, सगळे सांगणार, "आबा, पाचला उठून फिरायला जात जा. शरीर हललं पाहिजे."

आबा हलत नाहीत. सात वाजता गोधडीतून फक्त माकडटोपी बाहेर येते, हवेचा अंदाज घेते आणि परत आत जाते. चहा आला की दोन हात बाहेर येतात. ओट्यावर ऊन पोचलं की मग खुर्ची बाहेर. ऊन सरकेल तशी खुर्ची सरकणार. दुपारपर्यंत ती ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. पेपर वाचून होतो, मग त्यातल्या जाहिराती वाचून होतात. अंघोळ "बघू" या सदरात. बाजरीची गरम भाकरी, मेथीची भाजी, वर गुळाचा खडा, की परत गोधडी. संध्याकाळी शेकोटीपाशी येतात ते रात्रीचं जेवण तयार होईपर्यंत. झाला दिवस!

आता या माणसाचे आधीचे हिवाळे बघा. आबा वीज मंडळात लाइनमन होते. (२००५ साली मंडळाची विभागणी होऊन महावितरण आलं, आबांच्या तोंडी अजून 'मंडळ'च.) शेतीची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रब्बीत गहू-कांद्याला पाणी पाहिजे, म्हणजे रात्री लाइट आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू, आणि डीपीवरचा फ्यूज उडालाच म्हणून समजा. रात्री एक वाजता दारात शेतकरी उभा, "भाऊ, लाइट गेली." तो बिचाराही कुडकुडतच आलेला. आबा उठायचे, बॅटरी आणि पक्कड घ्यायचे, सायकल काढायचे. थंडीत लोखंडी पोलाला हात लावला की तो हात आपला राहत नाही, असं ते सांगतात. चौतीस वर्षं नोकरी. त्यातले किती हिवाळे गोधडीत गेले असतील ते तुम्हीच सांगा. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आहे, चांगलं आहे. आबा त्याच्या नऊ वर्षं आधी रिटायर झाले.

भावना बाजूला ठेवा, इंजिनिअरसारखा विचार करू. नुसता बसलेला माणूसही साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हातारपणी स्नायू कमी होतात, ही निर्मिती घटते, कातडीखालच्या रक्तवाहिन्या थंडीला पटकन साथ देत नाहीत. कधी कधी तर थंडी वाजतेय हेच उशिरा कळतं. बाहेर गारठ्यात गेलं की रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं. हार्ट अटॅकचं प्रमाण हिवाळ्यात वाढतं आणि सकाळच्या वेळी जास्त असतं, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. मग बीपीच्या माणसाला नेमकं डिसेंबरात पहाटे पाचला बाहेर काढायचं हे कुठलं डिझाइन? त्यापेक्षा गोधडीच्या थरांत अडकलेली हवा हे उत्तम इन्सुलेशन आहे. आबांनी हीट ट्रान्सफरचा पेपर दिलेला नाही, पण उत्तर बरोबर आलंय!

दिवसभर पडून राहणं बरं नाही, हे मलाही मान्य. गुडघे धरतात. पण फिरायचंच तर दहा वाजता फिरा, उन्हात. 'सेकंड इनिंग', हास्यक्लब, छंदवर्ग हे सगळं ज्यांना आवडतं त्यांनी जरूर करावं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या हाकेवर अंथरूण सोडलं, त्याला आता हाक मारू नका, एवढंच म्हणणं आहे.

एक गोष्ट मात्र आबांच्या बाजूने बोलताना अडचणीची होते. आबांना तो चहा सातला मिळतो, कारण आजी साडेपाचला उठून बंब पेटवते. गारठा तिलाही तेवढाच लागतो, वय फक्त चार वर्षांनी कमी. तिला "फिरायला जा" असं कुणी सांगत नाही, कारण ती दिवसभर फिरतच असते! तिच्या रिटायरमेंटची ऑर्डर कुठल्याच ऑफिसातून निघालेली नाही. "अहो, उठा आता, पाणी तापलं," एवढीच तिची कुरकुर, तीही हसत.

तेव्हा पीएलमध्ये घरी गेलात की सकाळी बंब तुम्ही पेटवा, चहा तुम्ही टाका. येतो सगळ्यांना, होस्टेलच्या कॉइलवर मॅगी करणाऱ्यांना न यायला काय झालं? (कॉइलचं रेक्टर सरांनी वाचलं नाही असं समजू.) गेल्या सुट्टीत मी आठवडाभर हे केलं. तिसऱ्या दिवशी आबांनी स्वतः उठून ओट्यावर दुसरी खुर्ची मांडली, आपली थोडी सावलीकडे घेतली आणि आजीला हाक मारली. आजी आली, उन्हात बसलीसुद्धा. हातात निवडायला लसूण घेऊनच आली, ती गोष्ट वेगळी.