मृदू शब्दांमागचे सत्य



घरातील तरुण मुले भयाण भविष्याच्या कादंबऱ्या का वाचतात, असे पालक विचारतात. लोइस लोरी यांची ‘द गिव्हर’ (१९९३) पाहावी. तेथील समाजात भूक नाही, कलह नाही. मात्र वृद्धांना व दुबळ्या अर्भकांना ‘मुक्त’ केले जाते. बारा वर्षांच्या जोनासला कळते की हा मृदू शब्द म्हणजे हत्या, आणि ती करणाऱ्यांत आपला प्रेमळ पिताही आहे. एका तान्ह्या बाळावर तीच वेळ येताच तो त्याला घेऊन रात्रीच घर सोडतो.

असे धैर्य केवळ कादंबरीत असते काय? जानेवारी २०१९ मध्ये आपल्या यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण विरोधाच्या भयाने मागे घेतले गेले. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरूनच ते अनुचित ठरविले. उद्घाटन केले ते शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार सावरणाऱ्या वैशाली येडे यांनी. त्याही निर्भयपणे बोलल्या.

आपण व्यापारी, वाद टाळणे आपल्या अंगवळणी पडले आहे. परंतु ‘व्यवहार’ हाही कधी तसाच मृदू शब्द होतो. शेतकऱ्याच्या कापसाच्या वजनात घट धरली जात असता गादीवर बसलेला मुलगा “बाबा, हे चूक आहे,” म्हणाला, तर त्याला गप्प करू नये. काटा पुन्हा लावावा आणि मोजमाप त्याच्याच हाती द्यावे.