अवनीवर गोळी झाडली, पण खरा प्रश्न रायफलचा होता का?

नरभक्षक वाघाची बातमी आली की सोशल मीडियावर एक चर्चा हमखास रंगते. अशा कामाला कोणती रायफल हवी? साधी बोल्ट-अ‍ॅक्शन की सेमी-ऑटोमॅटिक? यवतमाळच्या अवनी प्रकरणातून याचं उत्तर शोधता येतं.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटी परिसरात टी-१ म्हणजेच अवनी वाघीण मारली गेली. त्या भागातल्या १३ मृत्यूंसाठी तिला जबाबदार धरलं जात होतं. कापूस वेचणीचे दिवस, आणि शेतात जायची लोकांना भीती. तिला मारा ही गावकऱ्यांची मागणी शहरात बसून क्रूर ठरवणं सोपं होतं.

दोन रायफलींमध्ये फरक काय?

बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये गोळी सुटताना तयार होणारा वायू किंवा बसणारा धक्का हेच काम करतो. तुम्ही फक्त पुन्हा ट्रिगर दाबायचा. मात्र तिच्यात हलणारे भाग जास्त, त्यामुळे धूळ, चिखल आणि खराब काडतुसांचा त्रासही जास्त. अडकण्याची शक्यता बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये कमी.

आणि अचूकता? चांगली बोल्ट-अ‍ॅक्शन १०० मीटरवर साधारण ३ सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळ्या बसवते. आजच्या चांगल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली फार मागे नाहीत. पण अवनीवर गोळी झाडली गेली ती अवघ्या काही मीटरवरून. तिथे ही तुलनाच निरर्थक ठरते. (आपल्याकडे सर्वसाधारण परवान्यावर दिसते ती .३१५ बोरची बोल्ट-अ‍ॅक्शन. सेमी-ऑटोमॅटिकवर कडक निर्बंध आहेत.)

मग अडलं कुठे?

डार्टवर. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ११ नुसार वाघ माणसाच्या जिवाला धोकादायक असला, तरी त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नसेल तरच मारण्याची परवानगी देता येते. अवनीच्या आदेशातही आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न करा, असंच होतं. उच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही आणि सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नाही.

डार्ट गन हे रायफलपेक्षा फार नाजूक प्रकरण. पल्ला काही दहा मीटरचा, डार्ट मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूतच बसायला हवा. औषध चढायला काही मिनिटं लागतात आणि तेवढ्यात वाघ झुडपात दिसेनासा होतो. म्हणून हे काम उजेडात आणि पशुवैद्यकासोबत करायचं असतं. अवनीच्या वेळी रात्र होती आणि पशुवैद्यक सोबत नव्हता.

आधी डार्ट मारला, वाघीण अंगावर आली म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असं पथकाचं म्हणणं होतं. चौकशी अहवालांनी त्यावर शंका घेतली. डार्टमधलं औषध खूप आधी तयार केलेलं होतं, हाही आक्षेप होता. शिवाय मोहिमेसाठी बोलावलं होतं नवाब शफत अली खान यांना, गोळी झाडली त्यांचा मुलगा असगर अली याने.

बंदूक अडकली किंवा नेम चुकला, हा मुद्दा वादाच्या केंद्रस्थानी कधी आलाच नाही. अवनीच्या दोन बछड्यांपैकी मादी बछड्याला वनविभागाने पुढच्याच महिन्यात, डिसेंबर २०१८ मध्ये, बेशुद्ध करून जिवंत पकडलं आणि पेंचला हलवलं.